हिंगणमाळचा इतिहास, पान सात

माझ्या कपाटात एका गावाचा इतिहास आहे. एक्केचाळीस पानांचा, स्पायरल बायंडिंग केलेला, आणि पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात लाल शिक्का: ‘कंट्रोल्ड कॉपी, क्र. १२’. त्या गावात माझं कुणीही नाही. मी वसईचा, ख्रिस्ती; आमचा इतिहास म्हणजे किल्ला आणि केळीच्या वाड्या. हे गाव घाटावरचं, तालुक्याचं, हिंगणमाळ नावाचं. ही प्रत मी जपून ठेवीन, कुणाला तिची झेरॉक्स काढू देणार नाही आणि मागताक्षणी परत करीन, असं मी सही करून लिहून दिलेलं आहे. ज्यांना लिहून दिलं ते मारुतीराव भोइटे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मी कतारमधल्या मेसईदच्या खताच्या कारखान्यात रुजू झालो, तेव्हा भोइटेकाका तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. हे पद काय असतं ते मलाही आधी ठाऊक नव्हतं. कारखान्याचे हजारो नकाशे असतात. कुठे एखादा व्हॉल्व्ह हलवला की नकाशा बदलतो आणि त्याची नवी रिव्हिजन निघते. ती ज्याची त्याला पोचवायची आणि जुनी एकूण एक प्रत परत आणून तिच्यावर ‘सुपरसीडेड’ असा शिक्का मारायचा. म्हणजे हा कागद रद्द, याच्या जागी नवा आला. हे काम काका पूजेसारखं करत. एसीच्या कोरड्या हवेत शिक्क्याची शाई वाळायची, म्हणून शिक्का तोंडाजवळ नेऊन त्याच्यावर दोनदा ‘हाः, हाः’ करून फुंकायचं आणि मग अंगाचा सगळा भार त्या शिक्क्यावर टाकायचा, ही त्यांची पद्धत. उंची बेताची असल्यामुळे भार टाकताना ते टाचा उचलत.

साहेब लोक त्यांच्यावर वैतागत. एकदा एका मोठ्या साहेबाने जुना नकाशा टेबलाच्या खणात दडवून ठेवला, कारण त्याच्यावर त्याने पेन्सिलीने काही टिपणं केली होती. काका सलग तीन दिवस त्याच्या केबिनबाहेरच्या खुर्चीवर जेवणाच्या सुट्टीत डबा खात बसले. चौथ्या दिवशी साहेबाने नकाशा आणून दिला आणि ‘खलास, खलास!’ म्हणून हात जोडले. मी म्हटलं, “काका, एवढ्यातेवढ्यासाठी काय हे?”

“लोपीस,” ते म्हणाले, “आधीच्या नोकरीत, दुसऱ्या देशात होतो तवा, साइटवर एक जुना कागद राहिला. त्यात केबल दावली न्हवती. पोरगं खोदाय गेलं. पंचवीस वर्षाचं हुतं. खोटा माणूस एक डाव परवडला, पर जुना कागद न्हाई. खोटं बोलल्यालं चार दिसात इसरतं. कागद बोलतच ऱ्हातो.”

त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा करायची बंद केली, असं लिहायला छान वाटलं असतं. पण तसं झालं नाही, कारण काका थट्टेला जागाच एवढी ठेवत. सुट्टीहून येताना काकूंनी दिलेले लाडू ते आमच्या घरी पाठवत, ते पोचपावतीसकट. ‘बेसनाचे लाडू, नग १२, सुस्थितीत मिळाले’, खाली सहीची जागा. माझ्या बायकोने पहिल्यांदा सही केली तेव्हा हसून पुरेवाट झाली तिची. दुसऱ्या वर्षी एक लाडू फुटलेला निघाला, तर तिने ‘नग ११ सुस्थितीत, १ खराब’ असं लिहून पाठवलं. काकांनी तो शेरा इतका मनावर घेतला की पुढच्या खेपेला एक लाडू बदली म्हणून जास्तीचा आला.

पण हे सगळं वरवरचं. काकांचा जीव होता तो हिंगणमाळात. शुक्रवारी मी मिस्साला दोह्याला निघायचो तेव्हा ते माझ्या गाडीत बसत. त्यांना दोह्यात काही काम नसे. त्यांना पाऊण तास ऐकणारा माणूस हवा असे. त्या सपाट, भुऱ्या रस्त्यावर मी हिंगणमाळचा इतिहास इतक्यांदा ऐकला आहे की वसईचा विचाराल तर मी अडखळेन, हिंगणमाळचा नाही.

आधी तालुक्याची कचेरी होती बेलखिंडीला. बेलखिंड म्हणजे नदीकाठचं, जुनं, तालेवार गाव. हिंगणमाळ म्हणजे तीस घरं, आठवड्याचा बाजार आणि मिठाचे बैल थांबायची जागा. बेलखिंडीची कचेरी एका भाड्याच्या घरात होती आणि दर पावसाळ्यात दफ्तर माळ्यावर चढवावं लागे. एका वर्षी दफ्तर भिजलंच. मग गोऱ्या साहेबाने हिंगणमाळावर तंबू ठोकला, माळ बघितला, विहिरीचं पाणी चाखलं आणि कचेरी इकडे हलवायचं ठरवलं. पहिला मामलेदार चार महिने तंबूत राहिला. खजिन्याची पेटी भोइट्यांच्या बळदात, धान्यात पुरलेली. पहिला कैदी पकडला तेव्हा कोठडी नव्हती, म्हणून त्याला लिंबाच्या झाडाला बांधला, आणि पाऊस आला तेव्हा शिपाई आणि कैदी दोघं एकाच घोंगडीखाली बसले.

“मग कचेरीमागनं पोस्ट आलं, शाळा आली, वकील आलं, अर्जलेखक आलं, आन् त्या सगळ्यास्नी भूक लागती म्हनून भजीवाला आला,” काका सांगत. “गाव हुतं म्हनून कचेरी आली न्हाई, लोपीस. कचेरी आली म्हनून गाव झालं.”

“आणि बेलखिंडीचं काय झालं?”

“बेलखिंडीचं काय व्हायचंय? अजून आमच्या नावानं बोटं मोडत्यात.”

हा इतिहास ते लिहीत होते, आणि तोही कारखान्याच्या शिस्तीने. रिव्हिजन शून्य, रिव्हिजन एक, दोन. प्रत्येक रिव्हिजन निघाली की कतारात असलेल्या आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला एक प्रत. सोबत शेऱ्यांचा तक्ता: पान, ओळ, शेरा, आणि शेवटचा रकाना लेखकाच्या उत्तराचा. खाली ठळक अक्षरांत: ‘चौदा दिवसांत शेरा न आल्यास मजकूर मान्य समजला जाईल.’ तालुक्यातली असली माणसं त्यांनी अकरा शोधून काढली होती. बारावा मी. मी विचारलं, “काका, माझा काय संबंध?”

“संबंध न्हाई म्हनूनच. थर्ड पार्टी लागतीच.”

या सगळ्या लिखाणाचं टोक होतं पान सात. त्या पानावर काकांचे पणजोबा, पाटील राणोजी भोइटे, साहेबासमोर उभे राहतात आणि कचेरीसाठी आपली अकरा एकर जमीन, विहिरीसकट, देऊन टाकतात. काकांच्या वडिलांनी मरताना दोन्ही मुलांना जवळ बोलावून सांगितलं होतं की आज्याचं नाव कचेरीवर लागलं पाहिजे. थोरला मुलगा आबा गावात होता, आणि धाकटा कतारात नकाशांवर शिक्के मारत होता. आबांनी गावात कचेरीच्या वर्धापनाची समिती काढली. समिती पुस्तक छापणार होती आणि कचेरीच्या दारात राणोजींच्या नावाची शिळा बसवणार होती. कोरायचा मजकूर काकांनी इथून, वळणदार अक्षरात, ट्रेसिंग पेपरवर काढून पाठवला. शिळेचा फोटो आला तेव्हा त्यांनी तो मला दाखवला आणि पटकन खिशात घातला. म्हणाले, “दादांना दावायचा राहिला.” दादा म्हणजे त्यांचे वडील. त्यांचे डोळे भरून आले होते.

रिव्हिजन चार निघाली त्या महिन्यात काकांना तालुक्यातला नवा माणूस सापडला. दोह्याच्या भाजीबाजारात कुणीतरी वांग्याच्या भावावरून घाटी हेल काढून करवादलं, आणि काका तिथल्या तिथे वळले. “गाव कंचं?” गाव हिंगणमाळ. नाव सुदाम कांबळे, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर. काकांना आकाश ठेंगणं झालं. त्याच आठवड्यात सुदामला प्रत क्रमांक तेरा पोचली.

आजवरचा नियम असा की शेरा कुणी देत नसे. माणसं सह्या करून मोकळी होत. मी एकदा एका ओळीत ‘विहीर’ दीर्घ की ऱ्हस्व एवढं विचारलं होतं. सुदामचा तक्ता मात्र तेराव्या दिवशी आला. बॉलपेनने, सरळ अक्षरात, एकच शेरा होता:

‘पान ७ व पान ११ जुळत नाहीत. देव आमचा आणि जमीन तुमची कशी?’

मी पान अकरा उघडून पाहिलं. त्यात गावच्या चालीरीती होत्या. काकांनी स्वतःच, मोठ्या हौसेने लिहिलं होतं की आपल्या लहानपणी दरवर्षी पौषात कांबळ्यांच्या घरातली बायामाणसं कचेरीच्या मागच्या दाराने आवारात येत असत. शिपाई त्या एका दिवशी ते दार उघडी. लिंबाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, त्याच्यापुढे नारळ फोडून ती आल्या पावली परत जात. ‘हा त्यांच्या शेताचा राखणदार असे म्हणतात,’ असं शेवटचं वाक्य होतं. मी ते पाच रिव्हिजनांत पाच वेळा वाचलं होतं. थर्ड पार्टी म्हणून सह्या केल्या होत्या. काकांनी तर ते लिहिलंच होतं. दोन्ही पानांमध्ये चार पानांचं अंतर होतं आणि दोन्ही पानं समोरासमोर धरून बघायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

काका पंधरा दिवस त्याबद्दल बोलले नाहीत. गाडीत बसत, पण हिंगणमाळचं नाव नाही. मीच एकदा म्हटलं, “काका, एका माणसाचा शेरा आहे. अमान्य लिहून टाका.”

“अमान्यला कारन लिवावं लागतं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “यल्ला, इंडस्ट्रियल एरियात घ्या गाडी.”

सुदाम खोलीबाहेरच्या सावलीत धुणं वाळत घालत होता. पंचेचाळिशीचा, कामाने टणक झालेला माणूस. आम्हाला बघून त्याने ओला शर्ट तसाच बादलीत टाकला, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि बिनदुधाचा सुलेमानी चहा ठेवला. काकांनी मांडीवर तक्ता ठेवला, पेन काढलं.

“पुरावा काय, सुदामराव?”

“पुरावा तुमीच लिवलाय की काका. पान अकरावर.”

“पर कागद?”

“कागद आमच्याकडं कुटला? कागद पाटलाकडं असायचा.” सुदाम चिडलेला नव्हता. लेथवर माप सांगावं तसं सांगत होता. “आजी सांगायची. वतनाचा माळ हुता आमचा. गावकीच्या कामाबद्दल मिळाल्याला. एक दिस साहेबाचा तंबू पडला, आन् दुसऱ्या दिशी पाटलानं सांगितलं, उद्यापास्नं हिकडं औत आनू नका. इचारलं न्हाई कुनी. तिच्या सासूनं लई दंगा केला म्हनं. मग एवढं ठरलं, की वर्साला एक डाव देवाला या. मागनं.”

“अजून जातासा?”

“आमच्या घरानं धम्म घेतल्यापास्नं बंद झालं. आजी मातुर मरंस्तोर जायाची. देवासाठी न्हवं. म्हनायची, एक वर्स चुकलं तर त्ये दार बुजवतील.”

काकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, “तुमाला काय पायजे, सुदामराव? जिमीन?”

“जमीन काय करू काका? तितं आता तहसीलदार बसतोय.” सुदाम हसला. “माझं पोरगं धावीला हाय. त्ये वाचंल तुमचं पुस्तक. त्यात आमचा देव हाय, आमी न्हाई. येवढंच.”

मग काका म्हणाले, “आजीचं नाव काय तुमच्या?”

“सगुणा.”

काकांनी ते लिहून घेतलं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, सुदामच्या समोरच, ‘मान्य’ असं लिहिलं आणि खाली सही केली. परतीच्या वाटेवर ते खिडकीतून बाहेर बघत होते. मेसईदच्या चिमण्या दिसायला लागल्यावर म्हणाले, “बळदात खजिन्याची पेटी ठेवली आमच्या, ह्याचा लई अभिमान वाटायचा मला.”

त्या रात्री त्यांनी आबांना फोन लावला. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. आबांनी आधी ऐकून घेतलं, मग म्हणाले की शिळा कोरून झाली आहे, तू वाळूत बसून घराची अब्रू काढू नकोस. काका म्हणाले की जुना कागद आहे तो, मागे घ्यावा लागेल. आबा म्हणाले की दगड कागद नव्हे. आणि फोन ठेवला. दोन भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत.

महिन्याभरात रिव्हिजन पाच निघाली. पान सात मला पाठ आहे: ‘ही जमीन कांबळे घराण्याच्या वतनाची होती. ती त्यांना न विचारता कचेरीस देण्यात आली. देणारे पाटील राणोजी भोइटे हे प्रस्तुत लेखकाचे पणजोबा होत.’ पानाच्या तळाला बारीक अक्षरात: ‘माहिती: सगुणाबाई कांबळे (तोंडी), सुदाम कांबळे (लेखी).’

आणि मग जुन्या प्रतींची वसुली सुरू झाली. काका कंपनीच्या बसने, माझ्या गाडीने, कुणाच्या तरी टेम्पोने, अख्ख्या कतारात फिरले. एकाने प्रत हरवली म्हणून सांगितलं, तर त्याच्या घरी बसून त्यांनी ती माळ्यावरच्या सुटकेसमधून काढवली. एकाच्या मुलाने मागच्या कोऱ्या बाजूवर रेल्वेगाड्या काढल्या होत्या. काकांनी गाड्यांची झेरॉक्स काढून मुलाला दिली आणि प्रत परत घेतली. तेराच्या तेरा जमा झाल्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या. हाः, हाः, ठप्प. हाः, हाः, ठप्प. चौदाव्या, स्वतःच्या प्रतीवर मारताना त्यांनी पान सात उघडलं, पणजोबांच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला आणि मग टाचा उचलल्या. मी तिथे उगाच फाइल चाळत उभा होतो. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

काका निवृत्त होऊन गेले ते दोन हजार चारच्या सुमारास. विमानतळावर त्यांनी माझ्याकडून प्रत क्रमांक बाराच्या ताब्याचा नवा कागद सही करून घेतला. सुदामला सोडायला यायचं होतं, पण त्याला सुट्टी नव्हती. त्याने लेथवर कातलेली एक पितळी मूठ पाठवली होती, शिक्क्याला बसवायची. काकांनी ती तपासून बघितली आणि पोचपावती लिहून माझ्याकडे दिली.

पुढे दोन वर्षांनी मी सुट्टीत वाकडी वाट करून हिंगणमाळला गेलो. सोमवार होता, बाजाराचा दिवस. इतकी वर्षं ऐकलेलं गाव प्रत्यक्षात फार लहान निघालं. भजीवाला मात्र होता. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “कचेरीत असतील. सोमवार हाय न्हवं.” त्यांच्या बोलण्यात वैताग होता आणि थोडं कौतुकही.

कचेरीच्या दारात शिळा होती. समितीने काकांचं पुस्तक छापलंच नाही, आबांचं दोन पानी पत्रक वाटलं आणि शिळा ठरल्या दिवशी बसवून टाकली. काळ्या दगडावर, काकांच्याच वळणाच्या अक्षरात, ‘पाटील राणोजी भोइटे यांनी ही जमीन दिली.’ शिळेसमोर काका उभे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं. वाळले होते खूप. त्यांच्यामागे कचेरीचा शिपाई, चाळिशीचा माणूस, हातात ओलं फडकं घेऊन अदबीने थांबलेला.

“या लोपीस,” काका म्हणाले, काल भेटल्यासारखे. “तहसीलदारास्नी रिव्हिजन पाच रजिस्टरनं पाठवली. चौदा दिस कवाच झालं, शेरा न्हाई.”

“म्हणजे मान्य,” मी म्हणालो.

“मान्य. मग ह्यो दगड जुना झाला की न्हाई? परत तर घेता येत न्हाई.”

त्यांनी पिशवीतून पॅड काढलं आणि शिक्का काढला. पितळी मूठ बसवलेला, मोठा, मराठीत करून घेतलेला: ‘ही आवृत्ती रद्द. रिव्हिजन ५, पान ७ पाहावे.’ तोंडाजवळ नेऊन दोनदा फुंकर घातली, पणजोबांच्या नावाखाली टेकवला आणि टाचा उचलून सगळा भार टाकला. आता फार भार उरलाच नव्हता. लाल अक्षरं उमटली, काळ्या दगडावर जेमतेम दिसतील अशी. बाजाराला आलेली एक बाई पाटी डोक्यावर घेऊन थांबली, वाकून वाचायला लागली. शिपायाने माझ्याकडे बघितलं. साहेबाचा हुकूम असावा आणि दर सोमवारचा रिवाजही असावा, कारण तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “काका, पुसू?”

“थांब जरा,” काका म्हणाले. “वाचत्यात त्या.”